वरच्या कैचीचा कौल

दसरा होऊन नऊ दिवस झाले होते. शिरूरच्या एसटी स्टँडसमोरच्या माडीवर वैष्णवी आली तेव्हा तिच्या हातात भरलेला डबा होता. तो तिने नवऱ्यासाठी पोलीस ठाण्यात नेला होता आणि तसाच परत आणला होता. ज्ञानू घासही घेत नव्हता.

माडीवर प्रगती फराटे बसायची. पूर्वी ती विमा कंपनीसाठी अपघातातल्या गाड्या तपासायची, आता लोकांची खाजगी कामं घ्यायची. तिची जीप चालवायला हौसराव होते. एकोणतीस वर्षं एसटी हाकून निवृत्त झालेला भला माणूस, पण समोरचा जे सांगेल ते त्यांना तत्काळ पटायचं. तपासाच्या कामात हा गुण फारसा उपयोगी नसतो.

वैष्णवीने सांगितलं ते असं. ज्ञानूचं नगर रस्त्याला गॅरेज आहे. दौंडकडच्या भीमाकाठच्या वस्तीवरचा शंभू कोकरे त्याचं जुनं गिऱ्हाईक. त्याने पिकअप चार बोटं उचलून घेतली होती, नदीपात्रातून चुलत्याच्या मेंढरांपर्यंत पाणी न्यायला. त्यासाठी पुढच्या दोन्ही चाकांच्या वरच्या कैच्या बदलल्या. कैची म्हणजे चाकाला चासीशी धरून ठेवणारा लोखंडी हात. तीन दिवसांनी पात्रात उतरताना डावी कैची तुटली, चाक आत दुमडलं आणि गाडी उलटली. शंभूची पाठ मोडली. तो पुण्याच्या इस्पितळात होता, शुद्धीवर नव्हता.

"मोडली ती कैची गावठी निघाली," वैष्णवी म्हणाली. "शंभूभाऊंनी पुण्याहून भारी आणली होती. त्यांचा चुलतभाऊ विक्रम म्हणतो, ह्यांनी ती ढापली आन् गावठी बसवली. उद्या कोर्टात नेणारेत ताई. सगळे म्हणत्यात चोर. गॅरेजवर दगड पडले."

"मग त्यानेच केलं असणार," हौसराव हळहळून म्हणाले. प्रगतीने जीपची किल्ली त्यांच्याकडे सरकवली.

पिकअप ठाण्याच्या आवारात पडली होती. तुटलेल्या कैचीवर पिवळा जाड थर होता, तेलात कालवलेल्या भंडाऱ्याचा. प्रगतीने नखाने खरवडलं. खाली वेल्डिंगचा सांधा होता आणि चाकाकडचा बॉल बसतो ती वाटी सरळ होती. मग तिने हौसरावांना चासीकडचा एक बोल्ट सोडायला लावला. वॉशरच्या खालीही पिवळं होतं, आणि त्यात काळ्या लोकरीचा एक केस चिकटला होता. तिने तो कागदात घेतला.

ज्ञानूशी दहा मिनिटं बोलू दिलं. तो भिंतीकडे बघून बोलत होता.

"कंपनीची कैची सपाट रस्त्यासाठी असतीया," तो म्हणाला. "गाडी उचलली की तिचा बॉल कायम तिरका ऱ्हातो, शेवटाला जाऊन अडतो आन् तुटतो. म्हणून उचललेल्या गाडीला तिरक्या वाटीची पायजे. मीच शंभूला तसली आणायला लावली. खंडेनवमीच्या आधी खोकं उघडून तपासली, एकसंध घडवलेली, वाटी तिरकी. म्हणलं आन रे, सणानंतर बसवू."

"खोकं इथंच ठेवलं?"

"न्हाई. त्यांच्याकडं नव्या अवजाराची पूजा असती, म्हणून घरी नेलं. दसऱ्यानंतर आणलं तवा कैच्या भंडाऱ्यानं पार माखल्या होत्या."

"पुसल्या का नाहीस?"

"देवाचा भंडारा. कसा पुसायचा?" तो म्हणाला. "बॉल जरा जड फिरत होता. म्हणलं नवा हाय. पुसलं असतं तर आज तो चालत असता."

जाता जाता प्रगतीने गॅरेज पाहिलं. पान्यांवर नवमीच्या पूजेचे डाग अजून होते, सगळे कुंकवाचे, लाल.

वेल्डिंग कुणाच्या हातचं ते विचारत ती दौंडला गेली तेव्हा सावळाराम भेटला. निवृत्त फिटर, घरामागे वेल्डिंगचं दुकान, शंभूचा सख्खा मामा. कैच्या आपणच केल्या हे त्याने लपवलं नाही. भैरूदाजींनी, म्हणजे शंभूच्या वडिलांनी सांगितलं होतं, घरचा माणूस असताना पुण्याला कशाला जायचं. नमुना कोणता घेतला, असं प्रगतीने विचारलं.

"गाडीचीच जुनी कैची. सूतभर फरक न्हाई."

तोच तर घोटाळा होता, पण ती बोलली नाही. सावळारामला वाकड्याचं सरळ करायची सवय आयुष्यभराची. उचललेल्या गाडीला मुद्दाम वाकडं लागतं हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

"शंभू नको म्हणला," तो सांगत होता. "बापलेकांची वादावादी झाली. शेवटी दाजी म्हणले, तुझं ठिऊन जा, मी देवालाच इचारतो." एवढं बोलून तो डोळे पुसत आत गेला.

वस्तीवर विक्रम तावातावाने भेटला. पुण्याचं खोकं देवघरात कुलपात होतं, किल्ली भैरूआबांच्या करगोट्याला, म्हणजे अदलाबदल झाली ती गॅरेजातच, असं त्याचं म्हणणं. हौसरावांनी मान डोलावली. लिंबाखाली भैरूआबा बसले होते. मुलगा पडल्यापासून ते कुणाशी एक शब्द बोलले नव्हते. अंगावर जुनाट पंचा होता. विक्रम म्हणाला, त्यांची घोंगडीसुद्धा कुठं हरवलीय.

माळावर बिरोबाचं देऊळ होतं. पुजारी चांगदेव नवमीच्या आदल्या दिवशी मेंढरांमागे पाटसला गेला होता, दसऱ्यानंतर परतला. कौल कसा लावतात ते त्याने प्रगतीला दाखवलं. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवायचं आणि प्रश्न विचारायचा. उजवं आधी पडलं तर हो, डावं पडलं तर नको.

"उजवं म्हणजे कोणाचं?"

"देवाचं. आपुन समोर बसतो, आपल्याला ते डाव्या हाताला दिसतं. नवखा माणूस हितंच चुकतो, म्हणून कौल मी सांगतो."

गाभाऱ्याच्या कोपऱ्यात घडी घातलेली काळी घोंगडी होती. तो नसताना कुणीतरी वाहिलेली. दुसऱ्याचं वाहिलेलं उघडायचं नसतं, म्हणून तशीच ठेवलेली. प्रगतीने ती हलवून पाहिली. घोंगडी चांगलीच जड होती. तिने ती उघडली नाही.

दुपारी लिंबाखाली सगळे जमले. विक्रम, सावळाराम, चांगदेव, ठाण्याचे हवालदार, एका बाजूला डबा मांडीवर घेऊन वैष्णवी. हौसरावांनी घोंगडी आणून आबांपुढे ठेवली होती.

"ज्ञानूने गॅरेजात कैच्या बदलल्या असत्या," प्रगती म्हणाली, "तर पूजेचा भंडारा पुण्याच्या कैच्यांवर असता आणि गावठी कोऱ्या असत्या. पण भंडारा गावठीवर आहे."

"त्यानं मागनं फासला असंल," विक्रम म्हणाला.

"वॉशरखालीसुद्धा आहे. म्हणजे बसवायच्या आधी लागला. त्याच्या गॅरेजात कुंकू वापरतात, भंडाऱ्याची चिमूटही नाही. आणि त्या भंडाऱ्यात घोंगडीचा केस आहे. सावळाराममामांनी त्यांची जोडी या घरात ठेवली. पुण्याची जोडी याच घरात कुलपात होती. दोन्ही जोड्या, भंडारा आणि किल्ली एका ठिकाणी होत्या, त्या फक्त इथं. खोक्यात कैच्या बदलूनच ते शिरूरला गेलं. ज्ञानूने देवाचा मान म्हणून त्या पुसल्या नाहीत. त्याच्याकडून झालं असेल तर एवढंच."

विक्रमने हळूहळू मान वळवून चुलत्याकडे पाहिलं. हवालदारांनी टोपी काढली.

"आबा," प्रगती म्हणाली, "घोंगडी तुमची आहे. मी उघडणार नाही."

भैरूआबांनी घडी सोडली. आत दोन कोऱ्या कैच्या होत्या, तिरक्या वाटीच्या, एकाही रस्त्यावर न धावलेल्या. सावळारामने त्यातली एक उचलली, वाटीच्या तिरक्या कडेवरून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा फिरवला.

"पोराची वस्तू," आबा म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा फुटलेला आवाज घोगरा होता. "फेकवंना. म्हणून देवापाशी ठिवली." मग वैष्णवीकडे वळून म्हणाले, "पोरी, तुझ्या मालकाला चोर म्हणत व्हते. मला समदं ऐकू येत व्हतं. पर तोंड उघडलं असतं तर बापानं पोरगं मोडलं हे म्हणावं लागलं असतं. जीभच उचलंना."

ज्याने कैच्या बदलल्या त्याला, तो कोण हे माहीत नसताना, वैष्णवी इतके दिवस शाप देत होती; तो असा समोर बसला होता, आणि आता तिला तेही जमेना.

"मी देवाला इचारलं," आबा सांगत होते. "चांगदेव गावाला गेलता. एकलाच समोर बसलो. म्हणलं, पोराच्या जिवाचा सवाल हाय, मेव्हण्याची कैची घालू का. लई येळ काय पडंना. मंग पडलं. ह्या अंगाला." आणि त्यांनी आपला उजवा हात वर केला.

चांगदेव झटकन खाली बघायला लागला. हौसरावांना एरवी सगळं उशिरा कळायचं, पण हे कळलं. समोर बसलेल्या माणसाचा उजवा म्हणजे देवाचा डावा. देवाने नको म्हटलं होतं. "आबा, तो तर..." त्यांनी तोंड उघडलं आणि प्रगतीने त्यांचं मनगट घट्ट धरलं.

आबांचा हात तसाच वर राहिला होता. आता ज्ञानू संध्याकाळपर्यंत सुटेल, शंभू काही उठून चालणार नाही, आणि त्या हातासाठी तिथल्या कुणालाच काही करता येण्यासारखं नव्हतं.

"चाळीस वर्सं त्याची सेवा केली," आबा म्हणाले. "मंग त्यानं मला खोटं का सांगितलं, बाई?"

प्रगतीने आयुष्यात एकही अहवाल खोटा लिहिला नव्हता. ती आबांपुढे मातीत बसली आणि त्यांचा हात तिने हलकेच खाली घेतला.

"देवाचं चुकलं, आबा," ती म्हणाली.