हलक्या हाताने

“वहिनी! हे रक्त कसलं?”

माहेरी राहायला आलेली नणंद दारातूनच ओरडली, तशी बेसिनपाशी सासऱ्यांचे दात घासत असलेल्या सुनेने ब्रश बाजूला घेतला. फेस गुलाबी झाला होता, आणि स्टुलावर बसलेले सासरे, ज्यांना आताशा पोटची मुलंही ओळखू येत नव्हती, भेदरून दोघींकडे आळीपाळीने बघत होते.

“हिरड्यांतून थोडं येतं, ताई... रोजच.”

“रोज? आणि तरी घासतेस? त्यांना सांगता येत नाही म्हणून सोलून काढायचं? आजपासून तू हात लावायचा नाहीस. नाहीतर मी बाबांना माझ्या घरी घेऊन जाते!”

याच माणसासाठी सुनेने शाळेतली नोकरी सोडली होती! तिने नवऱ्याकडे पाहिलं, तर तो वर्तमानपत्रात डोकं खुपसून बसलेला. आणि सर्वांत भयंकर म्हणजे तिचा स्वतःवरचाच विश्वास उडाला... खरंच आपला हात जड आहे का? सेवा समजून आपण त्यांचा छळ तर करत नव्हतो?

नणंदेने घासणं बंद करून नुसत्या पाण्याच्या चुळा सुरू केल्या. थोड्याच दिवसांत हिरड्या टम्म सुजल्या, तोंडाला वास येऊ लागला, आणि जेवणाचं ताट दिसलं की म्हातारा मान फिरवू लागला. शेवटी दोघी त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेल्या.

“घासणं बंद कोणी केलं?” बाई कडाडल्या. “दातांच्या कडेला थर साचतो, म्हणून हिरड्या सुजतात, म्हणून रक्त येतं. रक्त आलं की घासणं सोडायचं नसतं. सकाळ-रात्र, हलक्या हाताने!” मग जुना ब्रश बोटाने चाचपून त्या म्हणाल्या, “पण हा फारच कडक आहे हं. मऊ घ्या.”

म्हणजे चुकलं कोणाचं? वाटभर दोघींनाही उमगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंद नवा ब्रश घेऊन बसली. सासऱ्यांचे ओठ घट्ट मिटलेले.

“बाबा, उघडा ना!... वहिनी, तुझ्यापुढे कसे गं उघडतात?”

ब्रश परत घ्यायची हीच वेळ होती. सुनेचा हात पुढेही झाला... पण नणंदेचे भरलेले डोळे पाहून तिने तो आवरला.

“आधी तुम्ही ‘आ’ करा, ताई. ते बघून करतात.”

नणंदेने तोंड उघडलं. म्हातारा टक लावून पाहत राहिला, आणि मग त्याने तिच्या हातातला ब्रश काढून तिच्याच दातांवर टेकवला!

“मागच्या दाढा नेहमी राहतात तुझ्या, ठमे!”

लहानपणीचं ते लाडकं नाव ऐकून नणंदेला हुंदका आवरेना. सून मात्र हळूच दाराकडे वळली. हा आनंद होता की असूया, तिचं तिलाच कळत नव्हतं.

“थांब, वहिनी!” नणंदेने धावत जाऊन तिला मिठी मारली. “नको नको ते बोलले गं तुला... मला माफ कर!”

“ठमे, ही कोण?” सासऱ्यांनी विचारलं.

“तुमची मोठी मुलगी, बाबा.”

ते बराच वेळ गोंधळून सुनेकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा एकदम ओशाळला.

“एवढी मोठी झाली पोर,” ते पुटपुटले, “आणि मी हिचे दात कधी घासलेच नाहीत!”