बाहेरचा दिवा

पिरॅमिड पाहायला येणाऱ्याला हल्ली आधी आंधळं करतात. तसं कुणी म्हणत नाही, ‘डोळ्यांना सवय लावतो’ असं गोड बोलतात. पण दाराशी मोबाइल, घड्याळ, उजेड देणारी झाडून सगळी चीजवस्तू काढून घेतात, काळ्या पडद्याच्या खोलीत बसवून ठेवतात, आणि मग विझत आलेल्या निखाऱ्याएवढा तांबडा दिवा घेतलेल्या माणसामागून वाकत वाकत आत नेतात. स्वानंदीबाई गुजर सत्तरीला टेकलेल्या. त्यांचे गुडघे कुरकुरत होते आणि कुणी ऐकणारं नव्हतं. एवढ्या लांब यायचं, पैसे मोजायचे आणि बघायचा काय तर काळोख, असं त्या दोनदा पुटपुटल्या.

खरं तर त्या पिरॅमिड पाहायला आल्याच नव्हत्या. बावीस वर्षांपूर्वी त्यांचे यजमान दौलतराव घाटातल्या एका बोगद्याच्या कामावर मुकादम होते. नागपंचमीला छत कोसळलं आणि ते एकटेच पलीकडे अडकले. आतली हवा फार तर दोन दिवस पुरेल, असं तज्ज्ञांनी सांगितलं. तरी पाच दिवस खोदलं, आणि बाई पाचही दिवस बोगद्याच्या तोंडाशी बसून होत्या. त्यात वरून दरड येऊन दोन मजूर जायबंदी झाले. तेव्हा साहेब लोकांनी स्वानंदीबाईंनाच विचारलं, काय करायचं. त्या म्हणाल्या, “थांबवा. माझ्यापायी दुसऱ्याच्या घरात अंधार नको.”

दोन महिन्यांनी दुसऱ्या बाजूनं वाट काढली तेव्हा देह मिळाला. पण माणूस गेला कधी, हे कुणालाच सांगता येईना. म्हणून त्यांचं श्राद्ध इतकी वर्षं सर्वपित्री अमावास्येला होत आलं, ज्यांची तिथी ठाऊक नाही अशा सगळ्यांच्या गर्दीत. बाईंना हे फार लागे. आपल्या माणसाला स्वतःची एक तिथी असू नये? षष्ठी असेल नाहीतर सप्तमी. पण कुणी ठामपणे सांगावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

ते सांगू शकेल अशी एकच व्यक्ती त्यांना सापडली, ती म्हणजे डॉ. तन्वी हर्डीकर. मूळची मिरजेची, आता कैरोच्या प्रयोगशाळेत तमोलेखाचं काम करणारी. बोगदा पुढं कायमचा बंद झाला होता. दौलतराव सापडले त्या कोनाड्याच्या भिंतीची एक मोठी फरशी अंधारातच कापून, काळ्या पेटीत घालून तिच्याकडे पाठवली होती. काल निकाल आला. पण तन्वी म्हणाली, काकू, आधी तुम्हाला एक गोष्ट दाखवते, मग सांगते.

चालता चालता तन्वीनं त्यांना तमोलेख समजावून सांगितला. तमोलेख म्हणजे दगडात उमटलेली अंधाराची नोंद. दगडात गारगोटीचे बारीक कण असतात आणि थोडी किरणोत्सारी द्रव्यंही असतात. त्यांच्या माऱ्यानं त्या कणांमध्ये विजेचे सूक्ष्म भार अडकत राहतात.

“गळक्या नळाखाली घागर ठेवली तर ती थेंबाथेंबानं भरते ना, तसं,” तन्वी म्हणाली. “अंधारात घागर भरत राहते. उजेड पडला की उपडी होते आणि पुन्हा अंधार झाला की पहिल्यापासून भरायला लागते. किती भरलीय ते मोजलं, की शेवटचा उजेड कधी पडला ते कळतं.”

“आणि तो किती वेळ होता ते?”

“उजेड दगडात मुरतो, काकू. थोडा वेळ पडला तर वरवरच्या घागरी उपड्या होतात. दिवसचे दिवस राहिला तर खोलवरच्याही होतात. मात्र दिव्यापुढं कुणी बसलं असेल, तर त्याच्या सावलीतल्या घागरी तशाच भरलेल्या राहतात. म्हणून भिंतीवर माणसाची आकृती उरते.”

तांबड्या उजेडाचा या घागरींना धक्का लागत नाही, म्हणून हा निखारा. आणि मोजायचं तर शेवटी उजेडच टाकावा लागतो, म्हणजे वाचलं की पुसलं गेलं. एकदाच वाचता येतं.

हा पिरॅमिड एका राणीचा, बुटका, परवापरवापर्यंत वाळूखाली दडलेला. वाट संपली तिथं ग्रॅनाइटची एक शिळा उभी होती आणि तिच्या कडेनं संशोधकांनी जेमतेम माणूस जाईल एवढं भोक पाडलं होतं. बाईंना वाटत होतं, चाबकाचे फटके मारून गुलामांकडून ही कामं करून घेतली असणार. तन्वीनं मान हलवली. इथं कामगारांची गावं होती, पाव भाजायच्या भट्ट्या होत्या. मोडलेली हाडं नीट बांधून जुळवलेले सांगाडे सापडलेत. माणसं एकमेकांना जपत होती.

“मग ही शिळा कुणी लावली?” बाईंनी विचारलं.

ती लाकडी टेकूंवर तोललेली असायची. राणीला आत ठेवलं, की एक कामगार आतून टेकू काढायचा. शिळा खाली यायची आणि तो एका अरुंद चोरवाटेनं बाहेर पडायचा. इथं मात्र चोरवाटच ढासळली होती. तन्वीनं चित्र उमटवलेली काचेची पाटी तांबड्या दिव्यासमोर धरली. आतल्या भिंतीचा तमोलेख होता तो. गुडघे पोटाशी घेऊन बसलेला एक माणूस, इतका स्पष्ट की बाई दचकून मागं सरल्या.

“आत राणीच्या पुढच्या जन्माची शिदोरी होती. पाव, पाणी, तेलाचे रांजण. ते खाऊन हा जगला. राणीचंच तेल जाळत बसला.”

“किती दिवस?”

“महिन्याच्या वर.”

तन्वीनं दुसरी पाटी दाखवली. ही शिळेच्या बाहेरच्या, म्हणजे त्या दोघी उभ्या होत्या त्याच बाजूची. इथंही एक सावली होती. जवळ दिवा ठेवून, दगडाला कान लावून बसलेली. आतल्या माणसानं ठोकलेलं हिला ऐकू येत असणार. पण राणीचं दार एकदा पडलं की ते उघडायची कुणाची छाती नव्हती.

“मग यांच्यातला बाहेरचा दिवा कधी विझला?” हे आपण का विचारतो आहोत, ते बाईंना कळत नव्हतं.

“आधी,” तन्वी म्हणाली. “आतला त्यानंतर बरेच दिवस जळत होता.”

बाई तिथंच खाली बसल्या. त्यांनी आपल्या दगडाचं विचारलं. तन्वी त्यांच्याशेजारी बसली. तिनं विचारलं, देह सापडल्यावर त्या कोनाड्यात कुणी तेलाचा दिवा लावला होता का? फरशीवर लहान ज्योतीचा उजेड दहा दिवस मुरला आहे. त्याच्या खालचं सगळं पुसून गेलंय.

दिवा बाईंनीच लावला होता. प्राण गेला तिथं दहा दिवस दिवा तेवत ठेवायचा, ही घरची रीत. साहेब लोक नको म्हणत असताना त्यांनी हट्टानं तो बोगद्यात लावला, दक्षिणेकडे ज्योत करून, आणि दहाव्यापर्यंत त्या तिथून हलल्या नव्हत्या. म्हणजे दौलतरावांच्या वाटेवर उजेड पडावा म्हणून लावलेल्या दिव्यानं त्यांचीच नोंद पुसली होती. त्यांना हसावं की रडावं कळेना.

“म्हणजे तिथी गेली,” त्या म्हणाल्या.

“नाही, काकू. तुम्ही भिंतीला पाठ टेकून बसला होतात?”

“तर काय. दहाही दिवस.”

“तुमच्या सावलीपुरतं शिल्लक राहिलं.”

तन्वीनं तिसरी पाटी वर केली. डोक्यावर पदर घेतलेल्या एका बाईची आकृती होती. बावीस वर्षांपूर्वीच्या स्वानंदीबाई. आणि त्या आकृतीच्या आत, फक्त तेवढ्याच जागेत, आणखी जुना उजेड होता.

वाचायची परवानगी बाईंनीच लिहून दिली होती, काहीही निघो म्हणून. तेव्हा त्यांच्या मनात षष्ठी-सप्तमीच होती. तन्वी हळूहळू सांगत गेली. कोनाड्यात संकटकाळासाठी ठेवलेले बॅटरीचे दिवे होते. प्रत्येक दिवा दोनेक दिवस चालणारा. ते एकामागून एक लावले गेलेत आणि प्रत्येक वेळी उजेडाची तिरीप वेगळी पडली आहे. हात लावल्याशिवाय दिवा जागचा हलत नाही. खडकाच्या फटीतून हवा येत असावी, पाणीही झिरपत असावं. तज्ज्ञांचा अंदाज चुकला होता.

“शेवटचा दिवा कधी लावला?”

तन्वीनं पाटी उलटी करून खाली ठेवली.

“बाळ, मी तिथी मागितली होती तुझ्याकडं.”

“पौर्णिमेच्या आसपास. एखादा दिवस इकडेतिकडे. तो लावेपर्यंत काका होते, एवढं नक्की. तो दोन दिवस चालला असेल, तेव्हा तिथी धरायची तर वद्य द्वितीया धरा.”

खोदकाम थांबलं होतं दशमीला. बाईंना पौर्णिमा चांगली आठवत होती. भाऊ येऊन त्यांना माहेरी घेऊन गेला होता. वहिनीनं समोर बसून नारळीभात वाढला होता, आणि इतक्या दिवसांनी त्या पोटभर जेवल्या होत्या. सगळ्यांना बरं वाटलं होतं, बाई सावरली म्हणून. त्याच वेळी डोंगराच्या पोटात दौलतरावांनी शेवटचा दिवा हाती घेतला होता आणि खोदण्याचा आवाज पुन्हा येतो का, ते ऐकत होते.

बाईंनी हात पुढं करून शिळेला तळवा लावला. दगड कोमट होता.

पुढची तुकडी यायची वेळ झाली. तन्वीनं तांबडा दिवा उचलला, बाईंच्या दंडाला हात घातला आणि म्हणाली, चला काकू, वर मोकळ्यावर जाऊ.

“तू जा पुढं,” स्वानंदीबाई म्हणाल्या. “मी बसते इथं जरा. मागच्या वेळी लवकर उठले.”