बिननावाच्या बाजू

"ज्याने ही कोडची लायब्ररी लिहिलीय ना, त्याला एकदा समोर उभं करा माझ्या!" कॉलेज रोडच्या चहाच्या टपरीवर हर्षाली फोनवर तणतणत होती.

शेजारच्या बाकावरचा तरुण खरोखरच उठून समोर उभा राहिला. "मी कुंदन. ती… म्हणजे तुम्ही म्हणताय तेवढा भाग मीच लिहिलाय."

हर्षाली दिंडोरीच्या तीस द्राक्षबागांना फवारणीचा सल्ला पाठवायची. एका तक्त्यात तीस दिवसांचा पाऊस, दुसऱ्यात तीस बागांमधली ओल. घाईत तिने तक्त्यांच्या बाजूंना 'दिवस', 'बाग' अशी नावंच दिली नाहीत. कुंदनच्या कोडने दोन्हींना गुपचूप 'बाजू शून्य' हे एकच नाव दिलं आणि दिवस बागांशी जोडून टाकले. चुकीचा सल्ला जाता जाता राहिला होता.

"लोकांचं काम अडू नये म्हणून केलं हो," तो म्हणाला.

"अडू दे की! थांबून विचारायचं, बाई, या बाजूचं नाव काय?"

"बाई म्हणू?"

"हर्षाली म्हणा," ती म्हणाली आणि उगीचच ओढणी सारखी केली.

मग तीन आठवडे रोज संध्याकाळी त्याच बाकावर भांडणं, दुरुस्त्या, अर्धा अर्धा क्रीमरोल. कुंदन येत्या शनिवारी दोन वर्षांसाठी हैदराबादला निघाला होता. तो काही बोलत नव्हता, तिलाही धीर होत नव्हता. तिचं जेवणावरून मन उडालं होतं.

गुरुवारी काम संपलं. आता नाव दिलं नाही, तर कोड तिथेच थांबत होता. "झालं तुझ्या मनासारखं," कुंदन म्हणाला. तिला रडूच येईल असं वाटलं.

तेवढ्यात हर्षालीच्या उज्वलामावशींची स्कूटर थांबली. "हे कोण गं?"

हर्षाली क्रीमरोलचा कागद दुमडू लागली, कुंदनने चहाचा घोट घेतला.

"ऑफिसातला मित्र असेल," मावशींनी परस्पर ठरवून टाकलं. कुंदनने मुकाट मान हलवली.

हर्षाली बाकावरून उठली. "मित्र नाही, मावशी," ती म्हणाली. "माझं प्रेम आहे याच्यावर. त्याचं… मला माहीत नाही."

कुंदनने चहाचा ग्लास बाकावर ठेवला. मावशींनी शांतपणे स्कूटर स्टँडला लावली. "बोला की आता."

"काकू," तो म्हणाला, पण पाहत होता हर्षालीकडे, "माझंही आहे. रोज ठरवून यायचो, आणि रोज तसाच परत जायचो."

"काकू नाही, मावशी म्हणा."

हर्षालीला हसू की रडू, कळेना. तिने त्याचा हात घट्ट धरला.

"शनिवारची गाडी किती वाजता?" तिने विचारलं. "मी येणारे स्टेशनवर."