कुडपणच्या खळ्यावरची सावली

१९५९ साली मुंबईहून बेळगावला माल नेणारी आमची कंपनी लहानशीच होती. विमानं दोन, वैमानिक चार, आणि मतं निदान पाच. वाद नकाशांचा होता. सरकारी नकाशे पायी फिरून मोजलेल्या जमिनीचे, पण नवी आवृत्ती हातात पडेपर्यंत जुनीच्या घड्या फाटलेल्या असायच्या. परदेशी कंपनीचे नकाशे मांडीवर मावणारे, वैमानिकांनी कळवलेल्या दुरुस्त्या दर महिन्याला टपालाने घरपोच. चौघांतला सहदेव सरकारीच्या बाजूचा. मी कुणाच्याच नाही. मला मोजलेलं पटतं, सांगितलेलं नाही.

भांडण एका आकड्यावर येऊन अडलं. पोलादपूरच्या वर कुडपणचं पठार आहे. त्याच्या पश्चिमेला अर्ध्या मैलावर, ऐन आमच्या मार्गात, परदेशी नकाशात एक शिखर होतं, ४,१४० फुटांचं. सरकारी नकाशात तिथे दरी. शिखर खरं असेल तर साडेपाच हजारांवरून जायला हवं, नसेल तर साडेतीन हजार पुरे. आम्ही त्या परदेशी कंपनीला पत्र टाकलं. उत्तर आलं की ही उंची एका वैमानिकाने रेडिओवरून कळवली होती, आणि त्याच्याशी पुन्हा संपर्क होऊ शकलेला नाही.

"अहो कॅप्टन, माझं गाव आहे ते," सहदेव म्हणाला. "पाच वर्षांचा असताना मामाकडे मुंबईला आलो, म्हणून काय डोंगर विसरेन? बघून या एकदा."

चौघांत मी वडील, तेव्हा सगळ्यांनी माझ्या सहीवर सोपवलं.

नोव्हेंबरात मी महाडला एसटी बदलली आणि पोलादपूरहून चालत वर चढलो. पिशवीत विमानातून काढलेलं उंचीमापक, होकायंत्र आणि दोन्ही नकाशे. सहदेवचे वडील महिपती खळ्यावरच भेटले. आई बयाबाई नाचणीची कणसं उन्हात पसरत होत्या. खळ्याच्या पश्चिमेला कडा, कड्याखाली दरी, आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ. काठावर तीनदा उंची घेतली. डोंगर सोडा, उंचवटाही नव्हता. काम झालं म्हणून मी निवांत चहा प्यायलो.

चारच्या सुमाराला बयाबाई घाईघाईने कणसं सुपात भरू लागल्या. शेजारच्या खळ्यांवरही बायका तेच करत होत्या. ऊन तर लख्ख पडलेलं होतं.

"एवढ्यात का काढता?" मी विचारलं.

"सावली येल आता. तिच्यात ऱ्हायलेला दाणा उगवत नाय."

"सावली? कशाची?"

बयाबाईंनी महिपतींकडे पाहिलं.

मग ती आली. कड्याच्या काठावरून वर चढली, गवतावरून सरकत खळ्यात शिरली आणि मधोमध थांबली. डोंगरमाथ्याची असते तशीच, वर निमुळती. मी वळून पाहिलं. सूर्य समोर होता, आभाळात ढगाचा ठिपका नाही, डोळे दिपत होते. मी सावलीत पाऊल टाकलं. ऊन तोंडावर तसंच होतं, पण पायाखालची माझी सावली गेली होती, आणि तळवे गार पडले होते.

मी घाबरलो. घाबरलो की मी हिशेब करतो. सूर्याचा कोन, खळ्याची उंची, अर्ध्या मैलाचं अंतर. उत्तर आलं चार हजार एकशे चाळीस.

निघताना महिपती पांदीपर्यंत आले. "सायेब, सहदेवाला सांगा, हितनं विमान खालनं नेऊ नको. मी सांगतो तर हसतो. तुमचं ऐकंल तो."

मी मान डोलावली.

आमच्या कंपनीला द्यायच्या अर्जात एकच रकाना होता, प्रत्यक्ष मोजलेली उंची. चार वैमानिकांत हसं होईल ही भीती मला सावलीपेक्षा मोठी वाटली. महाडच्या पोस्टात बसून मी लिहिलं, 'शिखर नाही. सरकारी नकाशा वापरावा.' खाली सही केली. सहदेवला बापाचा निरोप दिला, पण हसत हसत दिला. त्यानेही टाचा जुळवून मला खोटाखोटा सलाम ठोकला. "जशी आज्ञा, कॅप्टन!"

डिसेंबरच्या नऊ तारखेला तो एकटाच विमान घेऊन निघाला. हवा स्वच्छ होती. चारला पाच मिनिटं असताना रेडिओवर त्याचा आवाज आला, अगदी शांत. "कुडपणच्या पश्चिमेला शिखर आहे. उंची चार हजार एकशे चाळीस. नोंद करा."

पुन्हा आवाज आला नाही. आठ दिवस दरी धुंडाळली. पत्र्याचा तुकडाही मिळाला नाही.

मी कुडपणला गेलो. माफी मागायची होती. महिपती दारात बसून होते, उठले नाहीत. बयाबाई खळ्यावर होत्या. चार वाजत आले तरी त्यांनी कणसं काढली नव्हती.

सावली आली.

माथ्याच्या कडेला आता काहीतरी चिकटलेलं होतं. विमानाची शेपटी. ती ओळखायला मला मोजमाप लागलं नाही.

शेपटीशेजारी एक माणूस उभा होता.

"रोज ईतभर फुडं येतो," बयाबाई म्हणाल्या. त्यांनी पाय पसरले होते, आणि त्याच्या सावलीचं डोकं त्यांच्या टाचेला टेकलं होतं. "तुमी आलात ते बरं झालं. हात कुणासाठी वर केलाय ते कळत नव्हतं."

मी दोन पावलं मागे सरलो.

त्या सावलीचा कपाळाशी धरलेला हात खाली आला नाही.