चारकोपची तक्रार

गार्गी टेबलाखाली ओणवी होऊन जुनी तार ओढत होती. तेवढ्यात सिद्धेश जेवून आला, खुर्चीत बसला आणि तिच्या बोटांवर बूट ठेवून मोकळा झाला.

"आई गं!"

"अरे बापरे... टेबलाखाली कोण आहे?"

"फोनवाली! पाय उचला आधी!"

अशी ही ओळख झाली. चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला गाळा, शेजारच्या कारखान्यातून येणारा रबराचा वास... तिथे प्रेमाला कुठून वाट मिळाली हे मला विचारू नका. मिळाली खरी.

सिद्धेशची कंपनी मिक्सरचे सुटे भाग विकायची आणि तो दिवसभर फोनवर ऑर्डरी घ्यायचा. तिथले जुने फोन काढून इंटरनेटवर चालणारे नवे बसवायचं काम गार्गीच्या मालाडच्या कंपनीला मिळालं होतं. फोन बसवून झाल्यावर तिने बाहेरच्या खोलीतून त्याला लावून पाहिला.

"हॅलो, येतोय आवाज?"

"नाही."

"नाही? मग उत्तर कसं दिलंत?"

"थोडा येतोय... अजून बोला ना जरा. खात्री करून घेतो."

गार्गी हसली. तिथेच तिचं चुकलं, किंवा तिथेच तेवढं बरोबर झालं.

मग तक्रारी सुरू झाल्या. आवाज तुटतोय, घंटी वाजत नाही, फोन गरम होतोय... आठवड्याला एक तरी ठरलेली. गार्गी जायची, तर फोन ठणठणीत! बसण्याआधी सिद्धेश वाकून टेबलाखाली बघायचा, "कोण नाही ना?" म्हणायचा आणि दोन कटिंग मागवायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

"फोनला काहीही झालेलं नाही, सिद्धेश."

"तू आलीस की बरा होतो. माका काय ठावक!"

"मी काय डॉक्टर आहे?"

"मग फी घे ना. चहाबरोबर खारी मागवू?"

तो असा बघायचा की गार्गी उगाच वायर गुंडाळत बसायची. दोघांचा धंदाच बोलण्याचा, पण मनातलं तोंडातून फुटेल तर शपथ! त्याला वाटे, दर आठवड्याला बोलावतो, अजून काय सांगायचं? तिला वाटे, बोलावलं की धावत जाते, अजून काय सांगायचं? शहाणीच होती दोघं.

एके दिवशी चंद्रप्रकाश सरांनी, म्हणजे गार्गीच्या साहेबांनी, सगळ्यांदेखत विचारलं, "गार्गी, आपले फोन इंटरनेटवर चालतात ना? बिघाड इथे बसून काढता येतो. मग चारकोपला एवढ्या चकरा कशाला?"

मागे कोणीतरी खुसफुसलं. गार्गीचे कान तापले. कामात तिच्यावर कोणी बोट ठेवलं नव्हतं आजवर. त्या दिवसापासून ती खुर्ची सोडीना.

आणि एका शुक्रवारी त्याचा फोन आला.

"आज ये ना, गार्गी."

"काय झालंय फोनला?"

"झालंय काहीतरी... तू आल्याशिवाय नाही कळणार."

समोरच्या पडद्यावर सगळं ठीक दिसत होतं आणि पाठीशी साहेब उभे होते.

"इथून सगळं नीट दिसतंय, सर."

"सर?... आजच्या दिवस ये गो. परत नाही बोलावणार."

"यायची गरज नाही. तक्रार बंद करते मी."

"बरं. कर बंद."

त्यानंतर चारकोपहून एकही तक्रार आली नाही. साहेब खूश झाले. गार्गीला आधी वाटलं, रुसला असेल. मग तिचा जीव खालीवर व्हायला लागला. आपणहून फोन करावा, तर काय सांगून? शेवटी एका शनिवारी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून ती रिक्षात बसली. हत्यारांची पिशवीसुद्धा घेतली नाही.

तिला पाहून सिद्धेश उभाच राहिला. "तू?... कोणी तक्रार केली?"

"कोणी नाही. अशीच आले."

टेबलावर पेढ्यांचा बॉक्स होता. त्याने तो पुढे केला, पण तिच्याकडे बघितलं नाही. "साखरपुडा झाला. कणकवलीची आहे. ऋतिका."

गार्गीने पेढा घेतला नाही.

"त्या शुक्रवारी रात्रीच्या गाडीने मुलगी बघायला निघायचं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, आधी तुला विचारावं, समोर बसून. तू हो म्हणाली असतीस तर गाडीत बसलोच नसतो. तू सर म्हणालीस... मला वाटलं, मिळालं उत्तर."

"साहेब मागे उभे होते रे!"

सिद्धेशने डोळे मिटले. "अशीच एकदा आधी का नाही आलीस?"

"बोलावल्याशिवाय कशी येणार?"

"दर आठवड्याला बोलावत होतो, गो."

गार्गीला रडू आलं आणि तिने ते लपवलंही नाही. तिला तो हवा होता, अजूनही हवा होता. पण गावाकडे एका मुलीने त्याच्या नावाची अंगठी घातली होती, आणि तिला फसवायचं दोघांपैकी एकाच्याही मनात आलं नाही. त्या चांगुलपणाचा गार्गीला मनस्वी राग आला. सगळं ओठांवर आलं होतं. तिने पेढा उचलला आणि अख्खा तोंडात टाकला, म्हणजे काही बोलता येणार नाही.