नवऱ्या मुलाचा पूर्ण पत्ता

झिपच्या चेनची पोती, एकावर एक रचलेली.

टेबलाचा खण. त्यात सतरा काडेपेट्या. सिगारेट एकही नाही.

दालपकवानची एक प्लेट. चमचे दोन.

नाशिकरोड जेलचा शिक्का असलेलं अंतर्देशीय. ‘बकू, मला यायला मिळेल ना?’

चार कोपऱ्यांना हळदीची बोटं लावलेली लग्नपत्रिका. टाचणी बरोबर नवऱ्या मुलाच्या नावावर टोचलेली.

हे सगळं एकाच जिन्यातलं. आणि तो जिना चुकीचा.

दौलतमामानं सांगितलं होतं, “कॅम्प चारला जा. झिपवाल्या सिंध्याच्या बाजूचा जिना. विष्णुपंत वकील. एकदम मोठा माणूस.” दुकानाच्या दोन बाजूंना दोन जिने होते. मी डावा चढले.

वर एक तरुण माणूस पकवान मोडत बसला होता. कोट खुंटीला. बोटांना चटणी.

“विष्णुपंत वकील?”

“नाही. पण मीही वकीलच आहे. चिंतामणी प्रधान.”

“मला मोठे वकील हवेत.”

“पाच फूट दहा इंच आहे. आणखी किती मोठा हवाय?”

मी हसायला नको होतं. हसले. घोळ तिथेच झाला.

मग बसले आणि सांगितलं. मी बकुळा, चामटोलीची. अंबरनाथला काडेपेटीच्या कारखान्यात पॅकिंगला. माझा भाऊ रघु जेलमध्ये. शेताच्या बांधावर मारामारी झाली, दादाच्या हातून माणूस गेला. दहा वर्षांची शिक्षा, त्यातली चार झाली. येत्या तीन मार्चला माझं लग्न. वडील नाहीत. आईचं एकच म्हणणं — रघु मांडवात हवा. पॅरोलचा एक अर्ज आधीच फेटाळला गेला होता. आता नवा अर्ज करायचा, आणि बेलापूरला मोठ्या साहेबांपुढे सुनावणी होईल तेव्हा नीट बोलायचं.

“मुलाकडच्यांना माहीत आहे, भाऊ आत आहे ते?”

मी खाली बघितलं. “मामानं त्यांना सांगितलंय… दुबईला आहे म्हणून.”

“छान. दुबईतून पॅरोलवर येणार.”

मी उठले. तो घाईनं म्हणाला, “बसा हो. काडेपेटी आहे का?”

पिशवीत होतीच. दिली. त्यानं ती खणात टाकली आणि खण लावून घेतला.

प्रश्न पहिला

तालीम करायची म्हणजे तो खुर्ची उलटी फिरवायचा, तिच्या पाठीवर हनुवटी टेकायचा आणि साहेब व्हायचा.

“कैद्याशी नातं?”

“सख्खा भाऊ.”

“जामीनदार?”

“मामा. दौलतराव. बदलापुरात स्वतःचं घर आहे.”

“पळून गेला तर?”

“नाही जाणार.”

“कशावरून?”

आणि माझे डोळे भरायचे. खुर्ची सरळ व्हायची.

“बकुळाबाई, साहेब रडणं लिहून घेत नाहीत. तारीख लिहितात. पत्ता लिहितात. जामीनदार लिहितात. रडायचं ते इथे रडून घ्या.”

“इथे फी लागते.”

“रडायची फी मी घेत नाही.”

प्रश्न चौथा

“नवऱ्या मुलाचं नाव?”

“धर्मराज.”

“करतो काय?”

“अंबरनाथला कंपनीत. फिटर.”

“दिसायला?”

“हे पण साहेब विचारणार?”

“साहेब काहीही विचारू शकतात.”

पुढच्या शनिवारी प्रश्न चौथा दोनदा आला. त्याच्या पुढच्या शनिवारी तीनदा. आणि नाव काही त्याच्या तोंडात बसेना.

“तर हे तुमचे युधिष्ठिर —”

“धर्मराज.”

“तेच ते. जुगार खेळतात का?”

“नाही!”

“विचारून ठेवलेलं बरं. त्या घराण्यात बायको पणाला लावायची पद्धत आहे.”

मला राग यायला हवा होता. पण त्याचे कान लाल झाले होते, आणि मला… बरं वाटलं. फार बरं वाटलं. धर्मराजला मी दोनदा पाहिलं होतं. दोन्ही वेळा तो मामाशी मोटरसायकलच्या ॲव्हरेजबद्दल बोलत होता.

मी न विचारलेला प्रश्न

दुसरा चमचा कुणाचा?

कुमुदिनीचा. ती उजव्या जिन्याखाली टाइपरायटर घेऊन बसायची. दोन्ही जिन्यांवरच्या वकिलांचं टायपिंग तिच्याकडे. साडीला मॅचिंग टिकली, नखांना रंग, आणि तरी एकही अक्षर चुकत नसे. ती त्याला ‘चिंतू’ म्हणायची. वकिलाला! चिंतू!

एकदा मी वर पोचले तेव्हा ती त्याच्या कोटाचं बटण लावत होती. काळ्या कोटाला निळा दोरा.

“काळा दोरा संपला होता वाटतं?” मी म्हटलं.

“तुमच्याकडे असेल तर द्या,” ती हसून म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला. त्याच्या छातीपासून एवढ्याशा अंतरावर.

त्या दिवशी माझी सगळी उत्तरं चुकली. जामीनदार म्हणून मी धर्मराजचं नाव सांगितलं.

“लक्ष कुठंय?”

“निळ्या दोऱ्याकडे.”

त्यानं कोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि निर्लज्जासारखा हसत सुटला.

“काडेपेटी आहे?”

“नाही,” मी म्हटलं. होती. पण नाही दिली.

घरी जाताना माझ्याच बोटांना गंधकाचा वास येत होता. पोरींना नटायला नखांचा रंग असतो, मला हा वास. मी बसमध्ये हात पदराखाली घेऊन बसले.

लग्न मोडलं त्याची हकिगत, मामाच्या शब्दांत

“जीप! डायरेक्ट मुलाच्या दारात! हवालदार विचारतो, कैदी रघुनाथच्या बहिणीशी लग्न ठरलंय ते तुमचंच पोरगं काय? म्हातारा बोलला, कैदी? तो तर दुबईत. हवालदार बोलला, दुबई नाय, नाशिकरोड. झालं! पूर्ण गल्ली बाहेर आली ना! नारळ, साडी, सगळा रिटर्न.”

आई चुलीपुढे बसून होती. ती लग्नासाठी रडली नाही. “मोडला तं मोडला गो,” म्हणाली. “पन लगीनच नाय तं माज्या रघुला कोन सोडील?”

सुनावणीला अकरा दिवस होते.

मी कॅम्प चारला गेले. डावा जिना. त्याला आधीच कळलं होतं. फाइल उघडी होती आणि दालपकवान तसंच थंड पडलं होतं.

“माझी चूक आहे,” तो म्हणाला.

“तुमची?”

“लग्नासाठी पॅरोल मागितला की लग्न खरं आहे का ते पोलीस बघतात. तुमच्याकडे येणारच होते. मुलाकडे… अर्जात मुलाचं नाव आणि गाव पुरलं असतं. टाइप होऊन आलं तेव्हा त्यात पूर्ण पत्ता होता. गल्ली, चाळ, खोली नंबर, सगळं. मी वाचलं. दुबईचं मला माहीत होतं. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, खोडायला हवं होतं —”

“मग?”

“मग नाही खोडलं. सही केली.”

“का?”

खाली दुकानात शेठ कुणाला तरी ओरडत होता, “साईं, माल देख के बोलो!” त्यानं काडेपेट्यांचा खण ओढून उघडला.

“कारण चौथा प्रश्न विचारला की मला त्या माणसाची मोटरसायकल जाळावीशी वाटायची. म्हणून तर काड्या मागत होतो.”

मला हसू आलं. ते मी आत ढकललं. माझा भाऊ त्या अर्जात अडकला होता.

“आणि माझा दादा? त्याचं काय?”

“अर्ज तीन मार्चच्या लग्नाचा आहे. तारीख आहे. मांडव आहे. बहीण आहे. नवरा मुलगा तेवढा…” त्यानं टाचणी काढली, पत्रिका बाजूला ठेवली. “मी नाव सुचवू शकतो. वकील म्हणून नाही. वकीलपत्र मी आजच सोडतो. नाही म्हणालीस तरी सोडतो, आणि दादाला बाहेर काढायचा दुसरा रस्ता विष्णुपंत शोधतील. ते दोन्ही वेगळं.”

तो मला पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता.

मी उठले, त्याची खुर्ची उलटी फिरवली, पाठीवर हनुवटी टेकली.

“नवऱ्या मुलाचं नाव?”

“चिंतामणी.”

“करतो काय?”

“चुका.”

“जुगार?”

“आत्ता खेळतोय तेवढाच.”

“भाऊ सुटावा म्हणून दया येऊन लग्न करताय का?”

“नाही, साहेब. मत्सरानं करतोय.”

“त्या कुमुदिनीचं काय?”

“कुमुदिनीचं बेळगावच्या मास्तरांशी ठरलंय. दर पगाराला त्यांना मनीऑर्डरनं नाही तर पार्सलनं काहीतरी पाठवते. त्यांच्या निळ्या स्वेटरची बटणं लावून उरलेला दोरा होता तो.”

मी पिशवीतून काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. अठरावी.

“साहेब निकाल राखून ठेवतायत,” मी म्हटलं. जिना उतरेपर्यंत राखला. खालून हाक मारून दिला.

उजवा जिना

विष्णुपंतांनी सगळं ऐकून चष्मा पुसला. “पोरी, तू चार महिन्यांपूर्वी हाच जिना चढली असतीस तर माझा एवढा वेळ वाचला असता.” मग चिंतामणीकडे वळले. “आणि तुझा एक पक्षकार गेला. असंच चाललं तर प्रॅक्टिस कशी करणार?”

नवा पुरवणी अर्ज गेला. या वेळी जीप अंबरनाथच्या ऑफिसर कॉलनीत. चिंतामणीचे वडील, अण्णा, चार दिवस त्याच्याशी बोलत नव्हते. पण हवालदाराला त्यांनी चहा दिला आणि विचारलं, “तुम्ही मुलीच्या घरी जाऊन आलात ना? कशी आहे हो? आमचे चिरंजीव नीट सांगत नाहीत.” हवालदार म्हणाला, “तिथे पण चहा मिळाला.” अण्णांना ते पुरलं.

बेलापूरला साहेबांनी दोन्ही अर्ज शेजारी ठेवले. टेबल मोठं होतं. मी उभी. एका बाजूला विष्णुपंत, दुसऱ्या बाजूला चिंतामणी, बिनकोटाचा, काय करावं ते न कळलेल्या हातांचा.

“आधीच्या अर्जात मुलगा धर्मराज. आता चिंतामणी. काय प्रकार आहे हा?”

याची तालीम आम्ही केली नव्हती. विष्णुपंत खोकले. मला रडू आलं नाही.

“आधीच्यांना माझा भाऊ दुबईत हवा होता, साहेब. यांना मांडवात हवाय.”

साहेबांनी मान वर केली. “आणि पळून गेला तर?”

“नाही जाणार,” मी म्हटलं. चिंतामणी पुढे आला.

“पळाला तर ही जन्मभर माझ्याशी बोलणार नाही, साहेब. मी त्याला नाक्यापर्यंतसुद्धा एकटा सोडणार नाही.”

साहेबांनी लिहिलं. पंधरा दिवस. रोज बदलापूर पोलीस ठाण्यात हजेरी.

दादा मांडवात आला तेव्हा त्याचा सदरा खांद्यावर सैल होता. आईनं त्याला समोरच बसवलं, हलूच दिलं नाही. मी अंतरपाटाच्या कडेनं त्याच्याकडेच बघत होते. अक्षता पडायला लागल्या तरी.

“इकडे पण बघ जरा,” पलीकडून आवाज आला. “मेव्हण्याचाही हेवा करायला लावू नकोस.”

पंधराव्या दिवशी दादा स्वतःहून पिशवी भरून बसला. आम्ही दोघं नाशिकरोडपर्यंत सोडायला गेलो. फाटकाशी त्यानं चिंतामणीला विचारलं, “तुमची फी किती झाली?” चिंतामणी माझ्याकडे बघून म्हणाला, “वसुली चालू आहे.” दादा हसत आत गेला. फाटक लागल्यावर मी खूप रडले, आणि ते कुणी लिहून घेतलं नाही.

अजूनही कुणी आमचं लग्न कसं जमलं ते विचारलं, की चिंतामणी घसा खाकरून कबुली देतो: पत्ता वाचला, खोडला नाही, मत्सर वाईट. मी ऐकून घेते.

अर्ज टाइप झाला त्या दिवशी, नऊ जानेवारी एक्याण्णवला, कुमुदिनीनं मला विचारलं होतं, “पत्ता पूर्ण घालू? तिकडे पोलीस जातील हं,” आणि मी तिला चाळीचं नाव, खोली नंबर आणि ‘पिठाच्या गिरणीसमोर’ एवढं सांगितलं होतं.