वरचा प्लग आधी

बसा मधुसूदनभाऊ. त्या स्टुलावर नका, त्याचा पाय हलते, इकडं बाजेवर बसा. तुमच्या पिकअपचं गिअर ऑइल गळून राहिलं, थंडीत मधासारखं आरामात गळते ते. तोवर एक गोष्ट सांगतो. प्रेमाची हाय. हसू नका गा... तुम्ही उमरेडचे, म्हणून खास तुमच्यासाठी ठेवली. अन् तो हातातला तेलकट प्लग हरवू नका.

आधी एक समजून घ्या. मागच्या चाकांच्या मधात लोखंडी गोळा असते ना, त्याले दोन प्लग. खालच्यातून जुनं तेल काढाचं, वरच्यातून नवं भराचं. पण खोलाचा पहिले वरचा. तो जाम निघाला तं जुनं तेल अंदर राहते, गाडी घरी तं जाते. खालचा आधी खोलला अन् वरचा अडकला, मंग गाडी हालत नाही. माह्या गॅरेजात हे पहिल्या दिवशी शिकवतो.

आता आमचा प्रेमानंद. तुमच्या गाडीखालून पाय दिसून राहिले ना, तो. म्हणून हळू बोलतो.

मागच्या दिवाळीनंतर इथंच, हुडकेश्वरच्या वळणावर, एका पोट्टीच्या जीपचा टायर बसला. चारुशीला तिचं नाव. बापाच्या जुन्या जीपमधे उमरेडच्या मागावरच्या साड्या टाकून नागपुरात दुकानोदुकानी देते. प्रेमानंद जॅक घेऊन गेला. ती म्हणे, "जॅक मी लावते, तुम्ही स्टेपनी काढा." पोट्ट्याच्या हातून पाना सुटला, त्याच्याच पायावर. तवापासून लंगडतच हाय म्हणा ना.

मंग ती येत गेली. कधी हॉर्न वाजत नाही, कधी वायपर किरकिर करते.

"हॉर्न तं बरोबर वाजून राहिला," प्रेमानंद म्हणे.

"उमरेडले वाजत नव्हता."

"मंग इथंच राहू द्या त्याले."

"एकट्या हॉर्नले?" म्हणे ती, अन् गेली गाडी काढून.

एक दिवस सकाळी आली तं चेहरा उतरलेला. मी म्हटलं, "काहून वं, काय झालं?"

"मागून आवाज येते लहानूकाका. तेल बदलून द्या. चार वाजता घरी पोचाचं हाय. कन्हानचे पाव्हणे येऊन राहिले... मले पाहाले."

प्रेमानंद तिथंच होता. पाना घेतला, जीपखाली शिरला. ती बाजूलेच उकिडवी बसली, वाकून पाहत, ओढणी फरशीले टेकलेली. थोड्या वेळानं डब्यात तेलाची धार वाजली... अन् मंग पान्याची खटपट.

"काय झालं बे?"

"उस्ताद, वरचा जाम हाय."

"अन् खालचा?"

त्यानं तेलाचा भरलेला डबा बाहेर सरकवला. मी डोक्याले हात लावला.

गंज सोडवाचं तेल मारलं, हातोडीनं ठोकलं, पान्याले पाइप लावून जोर केला. प्लगचे कोपरेच गोल झाले, पाना नुसता फिरे. तिनं पिशवीतून संत्रं काढलं, सोललं, अन् एक फोड जीपखाली धरली.

"हात काळे हायेत माहे," तो म्हणे.

"दिसते मले. तोंड तं काळं नाही ना... उघडा."

उघडलं त्यानं. मी रस्त्याकडं पाह्यलं, आता मी काय करू.

"बसनं जा म्हणतो तुम्ही," तो खालूनच म्हणे. "टाइमावर पोचसान."

"बाबाची जीप हाय. सोडून नाही जात मी."

"मंग खोलतोच मी. कसं भी करून."

"इतकी घाई हाय मले पोचवाची?"

पोट्ट्याची गत पाहा भाऊ — प्लग खुलला तं ती गेली. तरी बेइमानी नाही केली त्यानं. तेल पुसलं, बॅटरीची तार काढली, अन् प्लगच्या डोक्यावर मोठा नट वेल्ड केला. त्या गरमीनं गंज ढिला होते. थंडा झाल्यावर पाना लावला. पहिले जरासा कसला, मंग सोडवला. कर्र... अन् फिरला.

प्लग घेऊन बाहेर आला, कपाळावर काळा पट्टा. "खुलला. तेल भरतो, निघा तुम्ही." आवाज असा, जसा कोणाले माती देऊन आला.

ती प्लगकडं पाहत राहिली. मंग म्हणे, "वरचा आधी खोलतात."

"काय?"

"वरचा प्लग. माहे बाबा खाणीत डंपर चालवत. लहानपणापासून पाह्यलं मी."

"मंग... मी खालच्याले पाना लावला तवा बोलल्या काहून नाही?"

"तू काहून लावला?"

"मी..." तो प्लग पुसत बसला, पुसलेलाच परत. "चार वाजताचं ऐकलं, अन् मंग वरचं-खालचं काही समजलंच नाही."

"मले समजत होतं," ती हळूच म्हणे. "म्हणून तं गप राहिली."

"...आता?"

"आता तेल भर. आरामानं भर."

पाव्हणे चहा पिऊन कन्हानले वापस गेले. तिनं घरी खरं ते सांगून टाकलं. बाप म्हणे, हात काळे असू दे, माहे भी होते. पण ज्यानं खालचा आधी खोलला, त्याच्या भरोशावर पोट्टी कशी देऊ? तवापासून जीपची चाबी बापाच्या खिशात. पोट्टी साड्या बसनं आणते. इथं वळणावर बस हळू होते, तं हा पाना खाली ठेवून उभा राहते. खिडकीतून एक हात... बस, तेवढंच.

तो बाप म्हणजे तुमच्या शेजारचा देवराव, मधुसूदनभाऊ. माहं ऐकत नाही तो, म्हणते गॅरेजवाले सारे एक.

तुम्ही फक्त इतकं करा. आज संध्याकाळी हात धुवाच्या आधी त्याच्या दारात जा, अन् सांगा — मी तिथं बसलो होतो देवराव, त्या पोट्ट्यानं पहिले वरचा खोलला, माह्या हातात दिला, अन् मंगच खालच्याले पाना लावला.

सांगसान ना गा?